मामाजी, तुमच्या पाईपचा पिंजरा

मामाजी,

लोक येतात, तुमच्या फोटोसमोर हात जोडतात, तुम्हीच बनवलेल्या घडीच्या खुर्च्यांवर बसतात आणि तुमच्याबद्दल इतकं गोड बोलतात, की मला उठून भांडावंसं वाटतं. "देवमाणूस होते." "कधी कोणाला शब्दानं दुखवलं नाही." मामाजी, तुम्ही? गणेशपेठेतल्या वर्कशॉपमधून तुम्ही हाताखालच्या देवाजीला हाक मारलीत की कॉटन मार्केटातले हमाल माना वळवून बघायचे. एका डॉक्टरांनी तुम्ही बनवलेली खाट लंगडते म्हणून तक्रार केली, तेव्हा तुम्ही त्यांच्या दवाखान्यात जाऊन फरशीला लेव्हल लावलीत आणि खाट सरळ आहे, जमीन वाकडी आहे, हे चार पेशंटांसमोर सिद्ध केलंत. असल्या माणसाला देवमाणूस कसं म्हणू द्यायचं? परवा तुमची तेरवी झाली. तेव्हापासून मी तोंडाला कुलूप लावून चहा देते आहे. आता बैठक रिकामी झाली, तर म्हटलं तुमच्याशीच बोलावं.

तेरवीच्या स्वयंपाकात वडे बरे झाले होते. तुम्ही असता तर एक वडा मोडून आत पाहिला असतात आणि काही न बोलता दुसरा घेतला असतात. कौतुकाची तुमची तेवढीच पद्धत होती. ती कळायला मला लग्नानंतर बरीच वर्षं लागली.

मी या घरात तुमची सून म्हणून आले तेव्हा तुमची मला भीती वाटायची. तुमच्यासमोर डोक्यावरचा पदर सरकू द्यायचा नाही, हे सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुम्ही जेवायला बसलात की वाढायचं आणि मागे सरायचं. बोलायचं असलंच तर दाराआडून. मी आलापल्लीच्या बाजूची. माझ्या वडिलांची जंगलाची ठेकेदारी होती, आणि सागाच्या ओंडक्यांच्या ट्रकमागे जीप हाकत मी मोठी झालेली. ठेकेदारी सुटली तेव्हा वडिलांनी ती जीप माझ्या नावे करून नागपूरला धाडून दिली. लष्करानं मोडीत काढलेली, डिस्पोजलची, छत नसलेली जीप, पण इंजिन खणखणीत. ती अंगणात ताडपत्री पांघरून उभी राहिली आणि मी स्वयंपाकघरात पदर पांघरून.

तुम्ही मला 'चालवू नको' असं कधी म्हणाला नाहीत. चाबी फक्त वर्कशॉपच्या टेबलाच्या खणात ठेवलीत. रविवारी प्रकाश ती काढायचा आणि आम्ही तेलंगखेडीच्या तलावावर जाऊन यायचो. तुमचा मुलगा हजार गुणांचा, पण तो गियर टाकायचा तेव्हा अख्खी गाडी कण्हायची. मी शेजारी बसून दात आवळायची. एकदा त्यानं सीताबर्डीच्या चढावर गाडी बंद पाडली आणि मागच्या रिक्षावाल्यांनी आमचा उद्धार केला, तेव्हा तो मला हळूच म्हणाला, "तू चालवली असती तर बरं झालं असतं, नाही?" मामाजी, नवऱ्यावर प्रेम बसायला एवढं पुष्कळ असतं.

मग त्यानं तो पराक्रम केला. गावातल्या हौशी मंडळींचा एक मोटार क्लब होता. प्रकाश तिथे मुख्यतः चहा प्यायला जायचा. त्या लोकांनी शर्यत ठरवली, सौंसर, छिंदवाडा, तामिया करत पचमढीला जायचं आणि परत यायचं. प्रकाशनं मला एका शब्दानं न विचारता तुमच्या ताटासमोर जाहीर केलं, "बाबा, आम्ही नाव देलं. गाडी ही चालवन. मी घड्याळ पाहीन आन् नकाशा."

तव्यावरची भाकरी करपली. सासूबाई म्हणाल्या, "काहून रे, घरातले माणसं मेले का? बाईनं गाडी हाकायची अन् त्यानं घड्याळ पाहायचं!"

तुम्ही खाली मान घालून जेवत होतात. भाकरीचा तुकडा मोडत विचारलंत, "उघडी जीप हाय. उलटली तं?"

"म्हणूनच पिंजरा लागते ना," प्रकाश म्हणाला. "डोक्यावरून पाईपची कमान. गाडी उलटली तरी माणूस आत शाबूत. त्याच्याशिवाय क्लबवाले सोडतच नाही. पुण्याकडे बनते म्हणतात."

तुमच्या हातातला घास थांबला. "पाईपचा?"

"हाव."

"आन् पुण्याले बनते?" तुम्ही पाणी प्यालात. "काहून, पुण्यातली पाईप का सोन्याची असते?"

मग तुम्ही घातलेली अट मला अजून शब्दन्‌शब्द आठवते. "पिंजरा मी बांधतो. माह्या मनासारखा झाला, तर चाबी घेऊन जा. नाही झाला, तर या घरात पुन्हा जीपचं नाव काढायचं नाही." सासूबाईंचा चेहरा एकदम खुलला. तुमचं मन कशानंच भरत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार. मीही दाराआड उभी राहून तेच समजले. जीप गेली, आता जन्मभर प्रकाशच्या शेजारी दात आवळून बसायचं.

पहिल्या रविवारी तर सासूबाईंचंच खरं होणार असं दिसलं. तुमचं वाकवायचं मशीन खुर्च्यांच्या पातळ पाईपसाठी होतं. जाड पाईप लावून तुम्ही आणि देवाजीनं दांडा ओढला, तेव्हा पाईप वाकली खरी, पण कोपऱ्यात चपटी झाली आणि आतल्या अंगाला सुरकुती पडली. मी तुमचा डबा घेऊन दारात उभी होते. तुम्ही त्या सुरकुतीवर अंगठा फिरवत राहिलात. "इथूनच मोडन," म्हणालात. "चपटी पाईप म्हणजे अर्धी पाईप." मला वाटलं, आता चाबीचा विषय संपला. पण तुम्ही पाईप कोपऱ्यात फेकून देवाजीला म्हणालात, "रेती आनू. जुन्या पद्धतीनं करू." आणि सुटीच्या दिवशी हात कमी पडतात म्हणून, की मी आपली समोर होते म्हणून, माझ्याकडे न बघता म्हणालात, "सूनबाई, तुले सवड असन तर पुढच्या रविवारी ये. पाणी टाकायले कोणी तरी लागन."

त्याआधी माप घ्यायचं होतं. तो प्रसंग आठवला की मला अजून हसू येतं. जीप वर्कशॉपमध्ये आणलेली. मी चालकाच्या सीटवर बसले, डोक्यावर पदर, त्यावर प्रकाशनं क्लबातून मागून आणलेलं हेल्मेट. काठाची साडी आणि वर ते टोपलं. देवाजी भिंतीकडे तोंड करून हसत होता. तुम्ही पट्टी घेऊन आलात आणि थबकलात. सासऱ्यानं सुनेच्या डोक्याजवळ हात कसा न्यावा! शेवटी तुम्ही लांबूनच म्हणालात, "पदर काढून ठेव. त्याच्यानं हेल्मेट वर राहून राहिलं. माप चुकते."

"तुमच्यासमोर?" मी विचारलं.

तुम्ही खरंच विचारात पडलात. तुमच्या कपाळावरच्या आठ्या मला दिसत होत्या. मग म्हणालात, "हेल्मेट हाय ना डोक्यावर? झालं तर. डोकं झाकल्याशी मतलब."

मी पदर खांद्यावर घेतला. तुम्ही हेल्मेटच्या वर चार बोटं आडवी धरलीत आणि देवाजीला खूण करायला सांगितलीत. डोक्याच्या वर चार बोटं मोकळी हवीत, त्याहून खाली पाईप यायला नको. मग मला पुढे वाकवलंत, मागे रेलवलंत, डावीकडे कलवलंत, आणि प्रत्येक वेळी ती चार बोटं. त्या दिवसापासून वर्कशॉपमध्ये मी पदर घेतला नाही, आणि हेल्मेटही घातलं नाही. तुम्ही कधी हटकलं नाहीत. घरी मात्र तुम्ही पाऊल टाकलंत की मी पदर ओढायची, सासूबाईंसाठी. आपण दोघांनी ते नाटक किती वर्षं बिनबोभाट केलं!

आता रेतीवर येते. इथे मी तुम्हाला सोडणार नाही, मामाजी, तुम्ही गेलात म्हणून तर मुळीच नाही. पाईपमध्ये रेती गच्च भरली, दोन्ही तोंडांना लाकडाची बुचं ठोकली आणि मग तापवून वाकवली, तर पाईप चपटी होत नाही. हे तुम्ही रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारी करताना शिकला होतात. रेती मात्र ठणठणीत कोरडी पाहिजे. कन्हान नदीची रेती ओली आली. तिला वाळायला ठेवायची तर अंगण होतं, ऊन होतं, पुढचा रविवार होता. पण तुम्हाला कुठला धीर! तुमचं लक्ष नाक्यावरच्या भडभुंज्याकडे गेलं. त्याच्या कढईत चणे भाजायची रेती दिवसभर तापलेली. "याच्याहून कोरडी रेती अख्ख्या नागपुरात नाही," असं म्हणत तुम्ही स्वतः दोन घमेली उचलून आणलीत. काय ती शान होती तुमच्या चालण्यात!

मी म्हटलं, "मामाजी, याच्यात सालपटं दिसून राहिली. आन् तो खारे चणेही भाजते."

"सालपटानं का होते?"

पाईप भट्टीत गेली. थोड्याच वेळात वर्कशॉपभर खमंग वास सुटला. देवाजी म्हणाला, "मालक, फुटाणे झाले वाटते." आणि तेवढ्यात तोफ उडाल्यासारखा आवाज झाला. पाईपचं एक बुच सुटलं, टिनाच्या भिंतीवर आपटलं, तिथून उडून पाण्याच्या माठात शिरलं आणि माठ आडवा झाला. गरम रेती भसाभसा बाहेर आली. शेजारचा सायकलवाला धावत आला, कॉटन मार्केटातले हमाल धावत आले. तुम्ही शर्टाची बाही झटकत सर्वांना सांगितलंत, "काही नाही, काही नाही. बुच कच्च्या लाकडाचं होतं."

बुच कच्च्या लाकडाचं नव्हतं, मामाजी. मिठानं ओल धरली होती आणि सालपटं आत जळत होती, वाफेला जायला जागा नव्हती. मी तेव्हा सांगितलं, दिवाळीला सांगितलं, प्रकाशच्या मित्रांसमोर सांगितलं. तुम्ही दर वेळी "बुच" एवढंच म्हणायचात आणि विषय बदलायचात. गेल्या महिन्यात दवाखान्यात मी पुन्हा काढलं. म्हटलं, आता तरी कबूल करा. तुमच्या नाकात नळी होती. तुम्ही डोळे मिटलेत आणि पुटपुटलात, "आंब्याचं लाकूड होतं." नर्सबाईंना वाटलं, तुम्ही भ्रमात बोलता आहात.

नंतर कन्हानची रेती आपण अंगणात पत्र्यावर पसरली आणि चांगली वाळवली. पाईप भंगारबाजारातून तुम्ही निवडून आणलीत, बॉयलरची, बिनजोडाची. जोड असलेली पाईप वाकवताना जोडावरच उकलते, म्हणून दहा पाईपांवर बोट फिरवून ती घेतलीत. रेती भरताना देवाजी लाकडी हातोडीनं पाईप ठोकत राहायचा, आणि तुम्ही मला कान देऊन ऐकायला लावलंत. आधी घंटेसारखा आवाज, मग हळूहळू बसका, मग नुसता ठप्प. "आता भरली," तुम्ही म्हणायच्या आत मी म्हटलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि बुच ठोकलंत.

जमिनीत रोवलेल्या खांबाला ट्रकच्या चाकाची जुनी रिंग पक्की केली होती. पाईप भट्टीत तापत होती. तुम्ही म्हणालात, "पळस फुलला का सांग." मला कळेना. मग लोखंडाचा काळा रंग सरला, आधी मळकट लाल आणि मग खरंच फाल्गुनातल्या पळसाचा रंग आला. मी ओरडले, "फुलला!" तुम्ही आणि देवाजीनं पाईप उचलली, रिंगेला लावली आणि दोघे दोन बाजूंनी चालायला लागलात. ओढत नव्हतात, झटका देत नव्हतात, नुसते चालत होतात. माझ्या हातात लोटा. जिथे वाकायला नको तिथे पाणी ओतायचं काम माझं. तुम्ही ओरडायचात, "तिकडे! बस! इकडे!" आणि ती जाडजूड पाईप मऊ होऊन रिंगेभोवती येत होती. तुम्ही जमिनीवर खडूनं काढलेल्या रेघेवर ती ठेवलीत. रेघ दिसेनाशी झाली. कोपरा गोल होता, सगळीकडे सारखा जाड, एक सुरकुती नाही. देवाजीनं बीडी पेटवली. तुम्ही उकिडवे बसलात आणि त्या कोपऱ्याकडे पाहत राहिलात.

मला वाटतं, मामाजी, त्या क्षणी तुम्ही तुमचा डाव विसरलात. पिंजरा होणार नाही, चाबी खणात राहील आणि सून मुकाट्यानं भाकऱ्या थापेल, असा तुमचा हिशेब असेलही. पण पाईप चांगली वाकली की तुम्हाला पुढचं सुचत नसे. तिथून पुढे पिंजरा माझ्यापेक्षा तुमचाच जास्त झाला. दोन कमानी झाल्या, त्यांना जोडणारे दांडे झाले, कमानींचे पाय गाडीच्या पत्र्यावर न टेकवता खालच्या चासीला, म्हणजे मूळ सांगाड्याला, जखडले. आणि तुमचं मन भरावं म्हणून तुम्ही काय केलंत? पिंजऱ्याला साखळी बांधून चेनपुलीनं अख्खी जीप हवेत उचललीत! गणेशपेठेतली अर्धी वस्ती बघायला जमली. जीप लोंबकळत होती, गोल फिरत होती, आणि तुम्ही खाली उभे राहून कमानीला दोरी लावून पाहत होतात की ती कुठे झुकली का. नव्हती झुकली.

मग आपलं मोठं भांडण झालं. मागच्या कमानीत तुम्हाला एक तिरपा दांडा हवा होता, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. मला नको होता. मागचं दिसत नाही, जादा चाक ठेवायला जागा उरत नाही, म्हणून मी अडून बसले. तुम्ही म्हणालात, "तिरपा दांडा नसलेली चौकट म्हणजे ढिली खाट. एका अंगाले लोटली का लवंडते." मी म्हटलं, गाडी मी चालवणार, मला मागचं दिसलं पाहिजे. तुम्ही म्हणालात, "तुले मागचं पाहायचं हाय का पुढचं?" मी बांगड्या वाजवत निघून आले. मी मैत्रिणीकडे हळदीकुंकवाला गेले ती संधी साधून तुम्ही दांडा जोडून टाकलात, रंगसुद्धा दिलात. मी चिडून तुमच्याशी बोलणं सोडलं. तुम्हीही सोडलंत. सासूबाईंना कळेना की कधी न बोलणारे हे दोघे आता आणखी काय बोलत नाहीत.

शर्यतीच्या सकाळी तुम्ही चाबी दिलीत. प्रकाशच्या हातात नाही, माझ्या. म्हणालात, "मनासारखा झाला." बस.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, पण तुम्हाला मी स्वतः कधी सांगितलं नाही. छिंदवाड्यापर्यंत गाडी अशी पळाली की विचारू नका. प्रकाश घड्याळ बघून ओरडत होता, मी गात होते. तामियाच्या पुढच्या वळणावर गिट्टी पसरलेली होती. मागचं चाक सरकलं, जीप कडेच्या बांधावर चढली आणि पलटली. धडाका झाला. मग सगळं शांत, फक्त एक चाक वर फिरत होतं. आम्ही दोघे सीटच्या पट्ट्यांना उलटे लटकलेले. माझ्या डोळ्यांसमोर गवत होतं आणि गवतात तुमची कमान रुतली होती. प्रकाशचा आवाज आला, "घड्याळ चालू हाय." मी म्हटलं, "मीही हाय." आणि मग आम्ही लटकल्या लटकल्या हसायला लागलो, आणि मला रडू फुटलं. माझं मनगट मोडलं होतं. प्रकाशला खरचटलंही नव्हतं.

जीप ट्रकवर लादून घरी आणली. अंगणात सगळे जमले होते. सासूबाईंनी प्रकाशच्या तोंडावरून हात फिरवला, मला ओढून जवळ घेतलं, पुन्हा लोटलं, पुन्हा घेतलं. तुम्ही आमच्याजवळून सरळ पुढे गेलात आणि जीपवर चढलात. मी पाहत होते. कमानीचा उजवा कोपरा दबला होता. तिरपा दांडा सरळ होता. तुम्ही माझ्या सीटच्या वर हवेत एक हात आडवा धरलात आणि दुसऱ्या हाताची बोटं त्याच्यावर ठेवलीत. "दोन बोटं उरली," तुम्ही देवाजीला म्हणालात. मला इतका राग आला! सून मरता मरता वाचली आणि हा माणूस पाईप मोजतो आहे. "लागलं का?" एवढंही तुम्ही विचारलं नाहीत. त्या दिवशी नाही, नंतरही नाही.

पण सीट तर रिकामी होती, मामाजी. हवेत तुम्ही हात धरलात तो बरोबर माझं डोकं असतं त्या जागी. ती जागा तुम्हाला पाठ होती. हे मला फार उशिरा उमगलं, आणि तोपर्यंत त्याबद्दल बोलायची वेळ निघून गेली होती. तिरप्या दांड्यावर मी हरले, हेही तुम्हाला सांगायचं राहिलं. मिठावर मात्र नाही.

त्या आठवड्यात घरात एकच विषय होता, जीप विकायची. सासूबाईंचे भाऊ, प्रकाशचे मामा, सिरसपेठेहून आले, गिऱ्हाईकाचं नाव घेऊनच आले. बैठकीत सगळे बसलेले, मी आतल्या दाराशी, हात गळ्यात अडकवलेला. मामा तुम्हाला उद्देशून म्हणत होते, "भाऊजी, चूक तुमची हाय. तुम्हीच पिंजरा बांधून तिले चढवलं. उद्या काही झालं असतं तर?" सासूबाई रडत होत्या. प्रकाश काहीतरी बोलायला गेला तर त्याला गप्प केलं. विकायची कधी, कोणाला, कागदावरचं नाव बदलायला कोण जाणार, सगळं ठरत होतं. तुम्ही बैठकीत नव्हतात. तुम्ही अंगणात होतात, आणि तिथून करवतीचा आवाज येत होता. सगळ्यांना वाटलं, तुम्ही पिंजरा काढून टाकता आहात. मलाही वाटलं.

करवत थांबली. तुम्ही दारात येऊन उभे राहिलात, हात काळे, बंडीवर लोखंडाचा भुसा. मामांना विचारलंत, "जीप कोनाची हाय?"

मामांनी बहिणीकडे पाहिलं, तर तुम्हीच पुढे म्हणालात,

"तिच्या बापानं तिले देली. विकायची का ठेवायची, तिलेच विचारा."

बैठकीत एवढी माणसं, आणि सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. तोपर्यंत त्या घरात मला खूप काही सांगितलं गेलं होतं. प्रेमानं सांगितलं गेलं होतं, रागानं सांगितलं गेलं होतं. विचारलं कोणी नव्हतं. लाडका नवरा, त्यानंही शर्यतीत माझं नाव मला न विचारताच दिलं होतं. मी मोकळ्या हातानं पदर सारखा करत राहिले. शेवटी सासूबाईच डोळे पुसत म्हणाल्या, "बोल ना वं, का म्हणतं?"

"मले ठेवायची हाय," मी म्हटलं. आवाज दाराआडून यावा तसाच बारीक आला, पण आला.

"झालं तर मंग," तुम्ही म्हणालात आणि अंगणात परत गेलात. मी मागोमाग आले तेव्हा पाहिलं, तुम्ही फक्त दबलेली कमान कापून काढली होती आणि शेजारी नवी पाईप आणून ठेवली होती. म्हणजे मी काय म्हणेन ते तुम्हाला आधीच ठाऊक होतं, आणि तरी तुम्ही चारचौघांत मला विचारायला लावलंत. एका हाताला प्लास्टर, दुसऱ्या हातानं मी त्या पाईपमध्ये रेती भरली.

तुमच्या पाईपनं माझा जीव वाचवला, मामाजी. त्याचे आभार प्रकाशनं मानले, माझ्या वडिलांनी आलापल्लीहून येऊन तुमचे पाय धरले. माझे आभार वेगळ्या गोष्टीचे आहेत आणि ते मी तुम्हाला तोंडावर कधी म्हटले नाहीत. तुमच्यासमोर असं काही बोलायची आपल्या घरात रीत नव्हती, आणि बोलले असते तर तुम्ही बुचाचा विषय काढला असतात. त्या दिवसानंतर मी बोलायला लागले. जीप चालवली, तुमच्या खाटा भंडाऱ्यापर्यंत पोचवल्या, गिऱ्हाइकांशी भांडले, वर्कशॉपमध्ये तुमच्याशी रोज भांडले. एवढं मनसोक्त भांडायला मिळालेली सून या पेठेत दुसरी नसेल. त्या सगळ्या भांडणांसाठी मी तुमची ऋणी आहे.

आणि आता कालची गोष्ट ऐका. दुपारी सगळे नातेवाईक बैठकीत होते. सिरसपेठेचे मामा आता थकलेत, पण सवय गेलेली नाही. त्यांनी विषय काढला की वर्कशॉपचं काय करायचं. प्रकाशची नोकरी आहे, देवाजी म्हातारा झाला, जागा चांगली आहे, घेणारा माणूस त्यांच्या ओळखीत आहे. माणसं माना डोलवायला लागली. मी ट्रे घेऊन आत चालले होते. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. तुम्ही गेल्यापासून त्या कोणाशी धड बोललेल्या नाहीत. त्यांनी भावाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मले काहून विचारतं गा?" त्या म्हणाल्या. "माल तिनं पोचवला, पाईप तिनं वाकवल्या. तिलेच विचारा."

मामाजी, सोमवारी वर्कशॉपचं कुलूप मी उघडते आहे.